नर्सरीत शिकाऊ म्हणून राहावे, की आधी कोर्स करावा?

प्रश्न असा आहे : बारावी झालेल्या एका मुलीला वडोदऱ्यातील एका नर्सरीने शिकाऊ शिक्षिका म्हणून बोलावले आहे. पहिले सहा महिने मानधन नाही, आणि मुलांना शू-शीला नेणे, डबा भरवणे, नाक पुसणे हेही करावे लागेल, असे तिला सांगितले आहे. याला प्रशिक्षण म्हणायचे की आयाचे काम, आणि त्यापेक्षा एक वर्षाचा कोर्स करून थेट शिक्षिका होणे बरे नाही का, असे ती विचारते.

‘आयाचे काम’ हे दोन शब्द वाचले नसते, तर मी हे उत्तर लिहायला बसलेच नसते. तीस वर्षांपूर्वी हेच दोन शब्द मला माझ्या सख्ख्या भावाने जेवणाच्या पानावर ऐकवले होते, आणि त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नव्हते. म्हणून आधीच सांगते : ज्या माणसाला तीन वर्षांच्या मुलाची शू हा शिक्षणाचा विषय वाटत नाही, त्याने बालवाडीच्या वाटेला जाऊ नये. बँकेत जावे, तिथे गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी जाऊन येते.

1993 च्या जूनमध्ये मी बडोद्यात (आम्ही घरी अजून बडोदेच म्हणतो) दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या तळमजल्यावर भरणाऱ्या गुजराती माध्यमाच्या बालवाडीत शिकाऊ म्हणून रुजू झाले. तिथल्या प्रमुखांना सगळे ‘मोठ्या बेन’ म्हणत. त्या भावनगरला शिकलेल्या होत्या, म्हणजे गिजुभाई बधेका यांनी 1920 साली दक्षिणामूर्ती या संस्थेत बालमंदिर सुरू केले त्या परंपरेतल्या, आणि ‘मूछाळी मा’ (मिशीवाली आई) हे गिजुभाईंचे टोपणनाव त्या अशा सहजतेने घेत, की जणू काही ते शेजारच्या गल्लीत राहत असावेत. मला वाटले होते, पहिल्याच दिवशी गाणी शिकवायला मिळतील. त्यांनी मला कोपऱ्यात एक बुटके स्टूल दिले, एक जाड वही दिली आणि समासात वेळ लिहायला सांगितली. सहा आठवडे मी मुलांशी आपणहून बोलायचे नव्हते, कुणी पडले, चावले किंवा दाराबाहेर निघाले तरच उठायचे होते. रोज एकच मूल निवडायचे, वीस मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहायचे आणि जे दिसले, जे ऐकू आले, तेवढेच लिहायचे.

पहिल्या दिवसाचे माझे पान त्यांनी लाल पेन्सिलीने रंगवून परत दिले. ‘हट्टी’, ‘लाडावलेला’, ‘रडका’, ‘हुशार’ अशा अकरा शब्दांभोवती गोल होते आणि खाली गुजरातीत एकच ओळ होती : ‘आमां छोकरो क्यां छे?’ यात मुलगा कुठे आहे? मला राग आला. आज मी नव्या मुलींच्या वह्या तपासते, तेव्हा तीच लाल पेन्सिल माझ्या हातात असते आणि राग त्यांना येतो.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहीत आहे, तो सांगते. वाडी भागातल्या एका मराठी घरातला सव्वातीन वर्षांचा मुलगा आमच्या वर्गात होता. वर्गात बत्तीस मुले, एक वर्गशिक्षिका आणि एक आयाबाई. हा मुलगा रोज साडेदहाच्या सुमारास कपडे ओले करी. वर्गशिक्षिकेचे निदान ठरलेले होते : घरी सवय लावलेली नाही. आधी आईला चड्ड्यांच्या दोन जोड्या पाठवायला सांगितले, मग चार पाठवायला सांगितले, आणि शेवटी ‘शिकेपर्यंत घरीच ठेवा’ इथपर्यंत मजल गेली. या शिक्षिकेकडे एका वर्षाच्या कोर्सचे प्रमाणपत्र होते, ते चौकटीत घालून भिंतीवर लावलेले होते. तिची चित्रे सुरेख, अक्षर मोत्यासारखे, आणि गळाही गोड होता. मनाने ती वाईट नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

मी तीन दिवस त्या मुलाला वहीत धरले. पहिल्या दिवशीची नोंद अशी होती (बेन म्हणजे वर्गशिक्षिका) : ‘10.12. ठोकळे सोडून उठतो. एका पायावर दुसरा पाय ठेवतो. बेनपाशी जातो, पदर ओढतो, काहीतरी विचारतो. बेन विचारतात, शुं? तो पुन्हा विचारतो. बेन म्हणतात, शुं शुं शुं करे छे, बेसी जा. मुले हसतात. तो बसतो.’ दुसऱ्या दिवशी तेच घडले, फक्त पदर एकदाच ओढला. तिसऱ्या दिवशी तो बेनकडे गेलाच नाही. ठोकळे सोडून चपलांच्या मांडणीपाशी जाऊन उभा राहिला, भिंतीकडे तोंड केले आणि 10.31 ला चड्डी ओली झाली.

तुमच्या लक्षात आले असेल, माझ्या मात्र तीन दिवस आले नाही. मी जन्माने मराठी, पण त्या खोलीत कान गुजरातीला लावून बसले होते, त्यामुळे मलाही तो ‘शुं? शुं?’, म्हणजे गुजरातीत ‘काय? काय?’ असेच विचारतो आहे असे वाटले. रात्री घरी वही पक्की करताना मी आईला मजकूर वाचून दाखवत होते. ‘काहीतरी विचारतो’ याऐवजी नेमका शब्द लिहावा म्हणून मी तो मोठ्याने उच्चारला, ‘शू’, आणि आई हातातली भाजी सोडून हसत सुटली. मूल दोन दिवस स्वच्छ मराठीत शू आली म्हणून सांगत होते आणि त्याला दोन्ही दिवस गुजरातीत ‘काय?’ असे उत्तर मिळत होते.

नेमका तेव्हा दादा जेवत होता. तो म्हणाला, “बी.ए. करून हा शू-शीचा हिशेब लिहायला जातेस का? हे आयाचं काम आहे, आणि तेही फुकट.” मी काहीतरी पुटपुटले आणि ताट उचलले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बेननी वही वाचली. वर्गशिक्षिकेला त्या सगळ्यांसमोर काहीच बोलल्या नाहीत, फक्त दुपारी तिला बसवून ती तीन पाने वाचायला दिली. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक पालकाला विचारून एक यादी केली : लघवीला, शौचाला, पाण्याला, भुकेला आणि आजीला तुमचे मूल घरी काय म्हणते. कुणाचे शू, कुणाचे पीपी, कुणाचे सुसू. ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. तिच्यामुळे माझीही फजिती उघड झाली. एक गुजराती मुलगी दोन दिवस माझ्याकडे ‘भू, भू’ करत येत होती आणि मी तिला कुत्र्याचे चित्र दाखवत होते. गुजराती बाळबोलीत भू म्हणजे पाणी. तहानलेल्या मुलीला मी कुत्रा दाखवला, तेव्हा त्या वर्गशिक्षिकेला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्न रास्तच आहे. तो मुलगा दोनेक आठवड्यांत कोरडा राहू लागला, सुट्टीनंतरच्या सोमवारी मात्र अधूनमधून गडबड होई.

हे त्या प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये शिकवले जात नव्हते, आणि आजही बहुतेक ठिकाणी शिकवले जात नाही. तिथे तक्ते करायला शिकवतात, बाहुल्या शिवायला शिकवतात, मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या वाढीच्या अवस्था पाठ करून घेतात. पाहायला कुणी शिकवत नाही, कारण पाहायला समोर मूल लागते आणि शेजारी आपली वही तपासणारी, आपल्यापेक्षा जास्त पाहिलेली बाई लागते. आणि मुलांच्या स्वच्छतेच्या कामाची ज्यांना शिसारी येते त्यांनी ताराबाई मोडक आठवाव्यात. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत असलेल्या या बाईंनी 1945 मध्ये बोर्डीला अनुताई वाघांना घेऊन बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा मुलांना धुऊन-पुसून स्वच्छ करणे, नखे काढणे हा त्या कामातलाच भाग होता. त्यांना कुणी आया म्हटले नाही. म्हटले असते, तरी त्यांनी मनावर घेतले नसते, असे मला वाटते.

आता दादाकडे वळते. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला गेली आणि काही वर्षांनी तिथल्या एका नर्सरीत शिकाऊ म्हणून लागली. तिकडे शिकाऊला पगार मिळतो, कामाच्या वेळेतच अभ्यासाचे तास धरलेले असतात, आणि शेवटी लेव्हल 3 ची, म्हणजे साधारण आपल्या बारावीच्या तोडीची, व्यावसायिक पात्रता मिळते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक मोठे माणूस लागते, दोन वर्षांच्या मुलांना सप्टेंबर 2023 पासून पाचांमागे एक, त्याआधी चारांमागे एक होते. प्रत्येक मुलाला एक ठरलेले आपले माणूस असते, आणि लंगोट बदलायला निराळी आया नसते. भाची लंगोट बदलते, वेळ नोंदवते, मूल तेव्हा काय बोलले तेही नोंदवते. दादा सोसायटीत सगळ्यांना सांगतो की लेक ‘अर्ली इयर्स एज्युकेटर’ आहे. त्याचा अभिमान योग्यच आहे. मागच्या दिवाळीत तो हे माझ्यासमोर पाहुण्यांना सांगत होता आणि मी श्रीखंड वाढत होते. तेव्हा मी गप्प राहिले, म्हणून इथे लिहिते : दादा, हा तोच शू-शीचा हिशेब आहे.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. जा, पण आधी तीन गोष्टी विचारून जा. तुम्हाला शिकवणारी बाई नावानिशी कोण, रोज बसून पाहायला आणि लिहायला वेळ मिळेल का, आणि वर्गात मुले किती. खासगी प्लेस्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस सांगितली आहे. तुमच्याकडे चाळीस मुले असतील आणि मदतनीस म्हणून तुम्हालाच धरले असेल, तर ते शिकाऊपण नव्हे, फुकटची मजुरी आहे. संमेलनाचे मुकुट कातरायला बोलावत असतील, तरी जाऊ नका. सहा महिने बिनपगारी हे मला मान्य नाही. मलाही पहिले तीन महिने काही मिळाले नव्हते, आणि ते मी आज कौतुकाने सांगते, पण वडिलांचा पगार घरात होता म्हणूनच ते जमले. निदान रिक्षाभाडे सुटेल एवढे मागा आणि मुदत लेखी घ्या.

दुसरे, मी कोर्सवर एवढे तोंडसुख घेतले असले, तरी पुढेमागे सरकारी किंवा अनुदानित शाळेचा विचार असेल, तर अनुभवाची वही तिथे कुणी उघडून पाहणार नाही. गुजरातेत 2023 पासून पहिलीला सहा वर्षे पूर्ण लागतात आणि त्याआधीचे वर्ष सरकारी प्राथमिक शाळांतच बालवाटिका म्हणून आले आहे. तिकडे जायचे असेल, तर कागद लागेल. तो घ्यायचाच, तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेला, बारावीनंतरचा दोन वर्षांचा पूर्वप्राथमिक पदविका अभ्यासक्रम घ्या. एका वर्षात ‘नर्सरी टीचर’ करून देणाऱ्या जाहिरातींना मान्यता कुणाची, ते पैसे भरण्यापूर्वी विचारा. आणि वडोदऱ्यातच आहात, तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या मानव विकास विभागाची चेतन बालवाडी परवानगी घेऊन एकदा बघून या. विद्यार्थिनींनी मुलांना पाहून शिकावे, हा तिथल्या बालवाडीच्या कामाचाच एक भाग आहे.

वही मात्र जाड पुठ्ठ्याची, शिवलेली घ्या. सुट्या पानांच्या मुले होड्या करतात.