वेदना आणि त्वचा यांवर संशोधन : करिअर म्हणून कसे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स उत्तीर्ण झाली. नीटमध्ये एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतके गुण पडले नाहीत. तिच्या आजीला नागीण झाली होती. फोड वाळून गेले, पण अजूनही त्या जागी पदर घासला तरी आग होते. तेव्हापासून वेदना आणि त्वचा यांवरच संशोधन करायचे, असे ती म्हणते. यात पुढे काही आहे का, की तिला पुन्हा नीट द्यायला सांगावे? – एक पालक, बार्शी

उत्तर : सप्रेम नमस्कार. आजीच्या ज्या त्रासाने मुलीच्या मनात प्रश्न उभा केला, तोच या शास्त्राचा एक मुख्य प्रश्न आहे. नागिणीचा विषाणू मज्जातंतूंना इजा करतो आणि त्यामुळे कातडी वरून बरी दिसली तरी साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून मेंदूकडे पोहोचवले जाते. असे का होते, याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ त्वचा, मज्जातंतू आणि औषधे या तिन्हींचा एकत्र अभ्यास करतात.

१९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिरचीतील कॅप्सेसिन ज्या प्रथिनावर काम करते ते ओळखले. हेच प्रथिन साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही उघडते, म्हणून मिरची झोंबली की भाजल्यासारखे वाटते. ज्युलियस यांना आणि स्पर्शाची प्रथिने शोधणारे आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. नागिणीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सेसिन असलेल्या चिकटपट्टीला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली, हे मुलीला जरूर सांगा.

मात्र या कामाला लागणारा काळही तिने समजून घ्यावा. जन्मतः वेदनाच न जाणवणाऱ्या पाकिस्तानातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून २००६ मध्ये एका सोडियम वाहिनीचे, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीत सोडियम आत सोडून वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाचे, महत्त्व कळले. ही वाहिनी रोखणारी औषधे चाचण्यांमध्ये अपेक्षेला उतरली नाहीत, आणि तिच्याच भाऊबंदांपैकी दुसऱ्या वाहिनीला रोखणारे सुझेट्रिजिन हे औषध अमेरिकेत मान्य व्हायला जानेवारी २०२५ उजाडले, तेही तीव्र पण अल्पकाळ टिकणाऱ्या वेदनेपुरते. रोजचे कामही संथच असते. वेगवेगळ्या जाडीचे नायलॉनचे तंतू एकेक करून उंदराच्या तळपायाला, तंतू किंचित वाकेपर्यंत टेकवायचे, त्याने पाय कधी मागे घेतला ते टिपायचे, आणि हेच दिवसभर तितक्याच काळजीने करत राहायचे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची परवानगी लागते. पण असे प्रयोग करायला तिचे मन तयार आहे का, हे तिला आत्ताच विचारा. नसेल, तर पेशींवर किंवा रुग्णांच्या नमुन्यांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत.

नीटविषयी माझे मत स्पष्ट आहे. रुग्ण तपासण्याची ओढ असेल तरच पुन्हा परीक्षा द्यावी. डॉक्टर होऊन, पुढे त्वचारोगात एमडी करूनही संशोधन करता येते. पण तिला आग का होते हेच शोधायचे असेल, तर आणखी एक वर्ष नीटसाठी घालवू नये. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसाठी आयसरची अभियोग्यता चाचणी आणि भुवनेश्वरच्या नायसर या तशाच संस्थेसाठी नेस्ट, या प्रवेश परीक्षांतून पाच वर्षांचे एकात्मिक शिक्षण मिळते. तिथे जागा न मिळाल्यास प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात बीएस्सी करावी, अथवा बीफार्म करून औषधशास्त्रात एमफार्म करावे. या शेवटच्या वाटेला पालक उगीच दुय्यम समजतात, वास्तविक वेदनाशामकांचे पुष्कळ काम तिथूनच आलेले लोक करतात. पदवीच्या नावात ‘वेदना’ किंवा ‘त्वचा’ शोधू नका; हा विषय पीएचडीच्या वेळी, मार्गदर्शक निवडताना ठरतो.

पैशांचे म्हणाल तर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता. पीएचडी होईपर्यंत वय अठ्ठावीस-एकोणतीस होते, त्यानंतर बहुधा काही वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे तात्पुरत्या नेमणुकीवरचे संशोधन, करावे लागते, आणि प्राध्यापकपदाच्या जागा थोड्या आहेत. त्वचेच्या औषधांत मोठे काम असलेल्या सन फार्मा, ग्लेनमार्क यांसारख्या मुंबईतील कंपन्या आणि रुग्णांवरील औषधचाचण्यांचे क्षेत्र, हे पर्याय म्हणून तिने पहिल्यापासून नजरेसमोर ठेवावेत. इतकी वर्षे घरून लग्नाचा किंवा नोकरीचा तगादा लागणार नाही, एवढा शब्द तुम्ही तिला देऊ शकाल का, याचा विचार प्रवेशाआधी घरात बसून करा.