पॅरिस, लंडन आणि स्वित्झर्लंड एकाच फेरीत करायचं असेल तर कोणता व्हिसा काढायचा आणि अर्ज कुठे करायचा?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नवरा-बायको दोघं, पहिलाच परदेश प्रवास. पॅरिसला चार रात्री, तिथून रेल्वेने लंडनला बहिणीकडे पाच, मग रेल्वेनेच ॲमस्टरडॅमला तीन आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये सहा. ॲमस्टरडॅमला एक दिवस कंपनीच्या ग्राहकाबरोबर बैठक. एजंटचं म्हणणं, ‘युरोपचा टुरिस्ट व्हिसा काढू, बैठकीचं कुठे बोलू नका, खात्यात थोडे दिवस पैसे ठेवून देतो.’ मी कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कवर काम करते, अशा फायली रोज हाताखालून जातात. एजंटने सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही तशीच्या तशी ऐकू नका. का ते सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तुम्हाला दोन व्हिसा लागतील. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही आणि कधीच नव्हतं, अगदी युरोपीय संघात असतानाही. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि ही यादी युरोपीय संघाच्या यादीशी तंतोतंत जुळत नाही. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइन संघात नाहीत पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत पण शेंगेनमध्ये नाहीत. त्यामुळे ‘युरोपचा व्हिसा’ असा काही प्रकारच नसतो. तुम्हाला फ्रान्स, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड मिळून एक शेंगेन व्हिसा लागेल आणि ब्रिटनचा ‘स्टँडर्ड व्हिजिटर’ व्हिसा वेगळा.

शेंगेनचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हे स्वतःच्या सोयीने ठरवता येत नाही. पॅरिसला उतरतोय म्हणून फ्रान्स, असा बहुतेकांचा समज असतो. नियम असा आहे की मुक्कामाच्या दिवसांच्या किंवा प्रवासाच्या उद्देशाच्या दृष्टीने जो देश मुख्य असेल त्याच्याकडे अर्ज करायचा. असा एक देश निघतच नसेल, तरच जिथून पहिला प्रवेश होतो तो देश. तुमचे स्वित्झर्लंडचे सहा दिवस सगळ्यांत जास्त आहेत आणि प्रवास मुख्यतः फिरण्यासाठी आहे, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज टाकायचा आणि त्यासाठी खोटा कार्यक्रम जोडायचा, हा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. त्या वाटेला जाऊ नका. कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरंच असलं तर सीमेवर प्रश्न विचारले जातात आणि दिलेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो.

तुमच्या कार्यक्रमातली सगळ्यांत नाजूक जागा मात्र वेगळीच आहे, आणि ती एजंटच्या लक्षात आलेली दिसत नाही. पॅरिसहून लंडनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. लंडनहून ॲमस्टरडॅमला आलात की पुन्हा आत आलात. म्हणजे शेंगेनमध्ये दोन वेळा प्रवेश. व्हिसा एका प्रवेशाचा असेल तर तो पॅरिस सोडताना संपला, त्यावर पुढे कितीही दिवस शिल्लक दिसत असले तरी. आणि हे कळेल ते ॲमस्टरडॅमला पोचल्यावर नाही. युरोस्टार रेल्वेने जाताना ब्रिटनची तपासणी पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनवरच होते आणि परतताना शेंगेनची तपासणी फ्रेंच पोलीस लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर करतात. म्हणजे गाडीत चढायच्या आधीच अडवलं जाईल. ॲमस्टरडॅम गेलं, स्वित्झर्लंड गेलं आणि घरचं परतीचं विमान बहुधा झुरिकहून. म्हणून अर्जात प्रवेशांच्या रकान्यात दोन किंवा अनेक प्रवेश मागा, आणि सोबतच्या पत्रात कारण एका वाक्यात लिहा: अमुक तारखेला लंडनला जाऊन अमुक तारखेला परत येणार. नुसती खूण केली आणि कारण कुठे दिसलं नाही, तर एकच प्रवेश मिळण्याची शक्यता राहते.

आता बैठकीचं. एजंट लपवायला सांगतोय, पण यात लपवण्यासारखं काहीच नाही. शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा, ज्याला ‘सी’ प्रकार म्हणतात, तो पर्यटन, नातेवाइकांची भेट, व्यावसायिक बैठक अशा सगळ्या कारणांसाठी एकच असतो. फक्त उद्देश खरा लिहायचा. फॉर्ममध्ये उद्देशाच्या रकान्यानंतर जादा माहितीसाठी जागा असते. तिथे ‘पर्यटन, त्यात एक दिवस ग्राहक कंपनीबरोबर बैठक’ असं लिहा आणि त्या कंपनीचं निमंत्रणाचं पत्र जोडा. ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटरही असाच आहे. त्यावर फिरता येतं, बहिणीकडे राहता येतं, बैठकीला किंवा परिषदेला बसता येतं. या कुठल्याच व्हिसावर तिथे नोकरी करता येत नाही.

व्हिसा निवडताना मी प्रत्येकाला एकच विचारते: तिथे गेल्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही नेमकं काय करणार? फिरणं, भेटणं, चर्चा करणं वेगळं, आणि तिथल्या कंपनीसाठी हाताने काम करणं वेगळं. समजा बैठकीसोबत ग्राहकाच्या कारखान्यात यंत्र बसवून द्यायचं असेल किंवा दुकानात उभं राहून माल विकायचा असेल, तर ते काम समजलं जाऊ शकतं, पगार तुम्हाला घरच्या कंपनीकडून मिळत असला तरीही. विक्रीच्या बाबतीत ब्रिटनचा नियम तर स्पष्ट आहे. व्यापारी प्रदर्शनाला जाऊन मालाची माहिती देता येते, थेट विक्री करता येत नाही. बिनपगारी स्वयंसेवा, ओळखीच्यांच्या मुलांना सांभाळायला जाणं, यांतही लोक फसतात. म्हणून तुमच्या साहेबांना आत्ताच विचारून घ्या की ॲमस्टरडॅमला बैठक म्हणजे नुसती बैठकच ना.

खात्यात ‘पैसे ठेवून देण्या’बद्दल मला कळकळीने सांगायचंय, कारण यात माणसाचं नुकसान एका अर्जापुरतं राहत नाही. व्हिसा अधिकारी शेवटची शिल्लक बघून निर्णय घेत नाहीत, ते मागच्या काही महिन्यांच्या नोंदी बघतात. दर महिन्याला ठरावीक पगार, घरखर्च, कर्जाचा हप्ता, थोडी बचत असं चाललेलं खातं आणि अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम. ती रक्कम कुठून आली, हा प्रश्न तेव्हाच उभा राहतो. शिल्लक कमी असेल तर मुक्काम कमी करा, ठेवी दाखवा, बहिणीच्या घरी राहणार म्हणून लंडनचा हॉटेलखर्च नाही हे तिच्या पत्रासह लिहा. एखाद्या नातेवाइकाने खरोखर पैसे दिले असतील तर तेही त्याच्या सहीच्या पत्राने सांगता येतं. खोटा कागद पकडला गेला तर ब्रिटन १० वर्षांपर्यंत पुढचे अर्ज नाकारू शकतं. अमेरिकेच्या कायद्यात जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कायमची बंदी येऊ शकते. शेंगेनची नोंद सगळ्या सदस्य देशांना एकाच संगणक प्रणालीत दिसते. एजंटचं नाव यात कुठेच नसतं. फॉर्मवर सही तुमची असते आणि बंदीही तुमच्यावरच येते.

वेळेचं गणित मांडूया. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले आहेत, पण ते ४५ पर्यंत जाऊ शकतात. ब्रिटनचा व्हिजिटर अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी. अर्ज चालू असताना पासपोर्ट सहसा त्यांच्याकडेच राहतो, म्हणून दोन्ही अर्ज एकाच वेळी टाकायला जाऊ नका. तुमच्यासाठी क्रम असा बसतो: चार-पाच महिने आधी शेंगेन, पासपोर्ट परत आला की ब्रिटन. पहिल्या व्हिसाला उशीर झाला तरी दुसऱ्यासाठी हातात वेळ उरतो. दोन्ही व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी तिकिटं आणि हॉटेलं घेऊ नका. रद्द करता येतील अशी आरक्षणं अर्जासाठी पुरतात.

पासपोर्ट आजच काढून बघा. शेंगेनसाठी तो तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. बाकीचे कित्येक देश सहा महिने मागतात, तेव्हा तेवढा अवधी असला की डोक्याला ताप नाही. आडनाव, नाव, वडिलांचं नाव यांची स्पेलिंगं पासपोर्टवर जशी आहेत तशीच फॉर्म, तिकीट, विमा सगळीकडे टाका. प्रवास विमा शेंगेनसाठी सक्तीचा आहे. किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत आणि मुक्कामाचे सगळे दिवस चालणारा. लंडनचे पाच दिवस त्यात धरलेत का ते पॉलिसीत तपासा, कारण ‘शेंगेन विमा’ नावाच्या सगळ्याच पॉलिसी ब्रिटनमध्ये चालतात असं नाही.

सोबतचं पत्र स्वतः लिहा. एक पान पुरे. कोण आहोत, का जातोय, कुठल्या तारखेला कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत कशासाठी येणार. नोकरीची रजा मंजूर झाल्याचं पत्र, स्वतःचा व्यवसाय असेल तर त्याचे कर भरल्याचे कागद, घरी मुलं किंवा आईवडील असतील तर त्यांचा साधा उल्लेख. अधिकाऱ्याला फाइल बघायला फार वेळ नसतो. पत्रात सहा दिवस, हॉटेलच्या आरक्षणात पाच आणि विम्यात सात असं असलं की संशयाला तिथेच जागा मिळते. फाइल देण्याआधी मी तारखा मोठ्याने वाचून एकमेकींशी जुळवते, तुम्ही दोघंही तसंच करा. एकाने पत्र वाचायचं, दुसऱ्याने आरक्षणं आणि विमा बघायचा.

अर्ज घेणारं केंद्र आणि निर्णय देणारी वकिलात वेगळ्या असतात, हेही माहीत असू द्या. व्हीएफएस किंवा टीएलएससारखी केंद्रं कागद आणि बोटांचे ठसे घेतात, बस. तिथली माणसं व्हिसा देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. जादा पैसे भरून घेतलेल्या सोयींनी निर्णय तुमच्या बाजूने लागत नाही. फॉर्मपर्यंत मात्र त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच जा. शोध घेतल्यावर वरती जाहिरातीत येणारी हुबेहूब दिसणारी पानं तीच फी दुप्पट-तिप्पट घेतात.

विमान मध्ये कुठे बदलणार असाल तर तेही आधी बघा. घरून फ्रँकफर्टमार्गे पॅरिस असं तिकीट घेतलंत तर शेंगेनमधला पहिला प्रवेश फ्रँकफर्टला होतो, पॅरिसला नाही. दोन वेगवेगळी तिकिटं घेऊन मध्ये सामान ताब्यात घ्यावं लागणार असेल तर त्या देशात शिरण्याची परवानगी लागते. काही देशांच्या नागरिकांना नुसत्या विमानतळावर थांबायलाही शेंगेनचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेतून पुढे जाणाऱ्यांना तर विमानतळाबाहेर न पडताही व्हिसा किंवा त्यांची ऑनलाइन परवानगी लागते.

व्हिसा नाकारला गेला तर घाबरून लगेच तोच अर्ज पुन्हा टाकू नका. शेंगेनच्या नकारपत्रात कारणावर खूण केलेली असते आणि अपील करण्याचा हक्कही असतो. कारण उद्देश स्पष्ट नाही असं असेल तर कार्यक्रम आणि निमंत्रण नीट करा. परत येण्याबद्दल शंका असेल तर नोकरी, घर, कुटुंब यांचे कागद वाढवा. पुढच्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल विचारलं असेल तर खरं उत्तर द्या. नकार मिळाला म्हणून पुढची दारं बंद होत नाहीत, तो लपवला तर मात्र होतात.

पासपोर्ट परत मिळाला की केंद्राच्या दारातच पान उघडा. शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर तीन ठिकाणी नजर टाका. ‘फ्रॉम’ आणि ‘अंटिल’ या तारखांच्या दरम्यान व्हिसा चालतो. ‘ड्युरेशन ऑफ स्टे’ म्हणजे त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल, आणि हा आकडा तारखांमधल्या अंतरापेक्षा सहसा कमी असतो. तारखांमध्ये महिनाभराचं अंतर आणि मुक्काम १५ दिवसांचा, असं अगदी सर्रास दिसतं. ‘नंबर ऑफ एंट्रीज’ या जागी तुमच्याकडे ०२ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे अनेक प्रवेश) हवं. दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात, त्यामुळे तुमच्या रात्री १३ असल्या तरी शेंगेनचे दिवस १५ भरतात. अर्जात तेवढे दिवस मागा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर येण्याजाण्याची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली आहे, त्यामुळे एक दिवस जास्त राहिलेलंही आपोआप दिसतं. नावात किंवा तारखेत चूक सापडली तर त्याच दिवशी कळवा, छपाईची चूक ते दुरुस्त करून देतात.

आणि निमंत्रणाची पत्रं, विमा, हॉटेलची आरक्षणं, परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका. व्हिसा असला तरी आत सोडायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारी ठरवतो आणि तो हेच कागद मागू शकतो. बहिणीचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून दोघांकडेही वेगवेगळा असू द्या.