फ्लॉस रोज करायलाच हवा का?

प्रश्न: मी दोन वेळा नीट ब्रश करते, तरी डेंटिस्ट म्हणतात फ्लॉस करा, म्हणजे दातांच्या फटी बारीक दोऱ्याने साफ करा. केला की हिरड्यांतून रक्त येतं. खरंच एवढा खटाटोप करायचा का?

उत्तर: हो, कराच. ब्रश दोन दातांच्या फटीत पोचतच नाही आणि हिरड्यांची सूज बहुतेक तिथूनच सुरू होते, त्यामुळे रक्त दिसलं की लोक घाबरून फ्लॉस सोडतात ते अगदी उलटं होतं, हलक्या हाताने रोज करत रहा, साधारण आठवडा-दोन आठवड्यांत थांबतं, नाही थांबलं तर दाखवून घ्या. २०१९ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत (अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा) पुरावा फार भक्कम नाही असंच म्हटलंय, पण सूज कमी होऊ शकते हेही आहे. फटी मोठ्या असतील तर दोऱ्याऐवजी छोटा इंटरडेंटल (फटीत घालायचा) ब्रश वापरा, मला तर तोच जास्त पटतो.