सोन्याचा कस आणि कॅरेटमीटरचा आकडा

प्रश्न : आईच्या पश्चात आम्हा बहिणींकडे तिच्या चार पाटल्या आणि एक बोरमाळ आली. पाटल्या मोडून नव्या बांगड्या कराव्यात म्हणून एका सराफाकडे गेलो. एका पाटलीत ९१.८ टक्के सोने असल्याचे त्यांच्या यंत्राने दाखवले, पण तीच पाटली जराशी फिरवून ठेवल्यावर आकडा ८८.४ आला. दुसऱ्या दुकानात तिसराच आकडा निघाला. यंत्र बिघडलेले होते, की आमची फसवणूक होत आहे? आणि यंत्रातील किरणांमुळे दागिना अंगावर घालणे धोक्याचे ठरते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण ते थोडक्यात देता येते. दागिन्याला काहीही होत नाही. या यंत्रातील क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन तेवढा उडवतात, अणुकेंद्राला धक्का लावण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यामुळे झाकण उघडल्यावर दागिन्यात कसलाही किरणोत्सार उरत नाही. आईच्या पाटल्या आपण निर्धास्तपणे हातात घालाव्यात.

आकड्यांचा प्रश्न मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. दुकानात ज्याला कॅरेटमीटर म्हणतात ते एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरण फ्लुओरेसन्सचे यंत्र. आतल्या कक्षेत रिकामी झालेली जागा भरायला बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि उतरताना स्वतःचा एक क्ष-किरण बाहेर टाकतो. या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते : तांब्याची सुमारे ८.०, सोन्याची ९.७ आणि ११.४, चांदीची २२.२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. ही ऊर्जा आणि अणुक्रमांक यांच्यातील नियमबद्ध नाते इंग्लंडमधील हेन्री मोस्ले यांनी १९१३ मध्ये दाखवले. अवघ्या दोन वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते गॅलिपोलीच्या लढाईत मारले गेले. आज गावोगावच्या पेढ्यांवर सोने तपासले जाते ते त्यांच्याच नियमाच्या आधारावर, याची आठवण मला ठेवावीशी वाटते.

आता आपल्या पाटलीकडे वळू. सोने हा जड धातू असल्यामुळे त्याच्या आत खोलवर निर्माण झालेले किरण बाहेर येण्यापूर्वीच शोषले जातात. परिणामी यंत्राला वरचा साधारण १० मायक्रॉनचा थर तेवढा दिसतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर हा थर तिच्या सातव्या हिश्श्याएवढा भरतो. शिवाय किरणांचा झोत एखाद-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यावरच पडतो. म्हणजे यंत्र सांगते तो कस त्या ठिपक्याच्या सालीचा असतो, सगळ्या पाटलीचा नव्हे.

पाटली भिंगाखाली धरून पाहिलीत, तर कुठेतरी सांध्याची बारीक रेघ आणि तिच्या कडेने किंचित वेगळ्या छटेचा धातू दिसण्याची शक्यता आहे. तो डाख, म्हणजे सांधा जोडण्यासाठी वितळवून भरलेला धातू. डाख पाटलीच्या आधी वितळला पाहिजे, म्हणून जुने कारागीर त्यात तांबे आणि चांदी अधिक घालत असत, साहजिकच तेथे सोने कमी असे. पुढे डाखासाठी कॅडमियम वापरण्याची पद्धत आली, तिलाच आपण ‘केडीएम’ म्हणून ओळखतो. तिच्यात कस टिकत असे, पण कॅडमियमचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक ठरला. आपल्याला मिळालेले ८८.४ बहुधा अशाच सांध्याजवळचे असावेत. उलट बाजूही लक्षात घ्यावी. दागिना तेजाबात धुऊन उजळला की पृष्ठभागावरचे तांबे निघून जाते आणि सालीचा कस आतल्या धातूपेक्षा चढा दिसतो. त्यामुळे ९१.८ हाच खरा आकडा, असेही धरून चालता येत नाही.

एवढ्यावरून आपली फसवणूक झाली, असे मी म्हणणार नाही. मात्र ४० ग्रॅमच्या पाटल्यांत ३.४ टक्क्यांचा फरक म्हणजे १.३६ ग्रॅम सोने होते, आणि तो आपल्या आईच्या ठेव्यातला आहे. म्हणून प्रत्येक पाटलीवर सांधा सोडून निदान चार-पाच ठिकाणी, आतून आणि बाहेरून, तपासणी करण्याचा आग्रह आपण धरावा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे पाटल्या आपल्या डोळ्यांसमोर आटवून, लगड चांगली एकजीव झाल्यावर ती तपासून घेणे. तरीही मतभेद उरला तर भारतीय मानक ब्यूरोची मान्यता असलेल्या केंद्रात अग्निपरीक्षा करून घ्यावी. तेथे सोन्याचा छोटा तुकडा चांदीसह शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत ठेवतात. शिसे आणि हिणकस धातू ऑक्साइड होऊन सच्छिद्र मुशीत शोषले जातात, उरलेल्या गोळीतील चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि शिल्लक राहिलेले सोने तोलतात. निकाल हजारात एका भागाच्या आत अचूक येतो. त्यासाठी तेवढा तुकडा खर्ची पडतो. दागिना तसाच ठेवायचा असेल तर एक्सआरएफला पर्याय नाही, आणि तिथेच या यंत्राचे खरे मोल आहे.

बोरमाळेबाबत वेगळी काळजी घ्यावी. तिच्या मण्यांत लाख भरलेली असते. लाखेतील कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या हलक्या मूलद्रव्यांचे किरण इतके क्षीण असतात की यंत्राला ते दिसतच नाहीत. जे धातू दिसतात त्यांचीच बेरीज शंभर धरून ते टक्केवारी मांडते. त्यामुळे पडद्यावर ९१ आले तरी तो कस मण्यांवरच्या पातळ पत्र्याचा असतो, आणि माळेचे पूर्ण वजन सोन्याचे धरून त्याला हा कस लावला तर हिशेब साफ चुकतो. माळ मोडायची झाली तर लाख काढून उरलेला पत्रा तोलावा लागेल. माझा सल्ला विचाराल तर ती मोडू नये. घडणावळीचे काही हाती लागणार नाही आणि सोनेही अपेक्षेपेक्षा कमी भरेल.

नव्या बांगड्या घेताना ब्यूरोचे चिन्ह, २२ कॅरेटसाठी ‘२२के९१६’ आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख-क्रमांक, या तिन्ही खुणा भिंगातून पाहून घ्याव्यात. हॉलमार्कच्या दागिन्यांवर हा सहा अक्षरांकांचा क्रमांक १ एप्रिल २०२३ पासून आवश्यक आहे. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. अ‍ॅपमध्ये अंगठी आणि आपल्या हातात बांगडी असा प्रकार आढळला, तर पैसे देऊ नयेत.