प्रश्नोत्तरे : कूलंटमधला जिवाणू आणि संगणकाने काढलेली एपिटोपची यादी

प्रश्न (भोसरी, गृहिणी) : माझे मिस्टर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहेत. वर्षभर कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, जिना चढताना दम. गुरुवारच्या सुट्टीला जरा बरं वाटतं. दिवाळीत गावी गेलो तेव्हा खोकला जवळजवळ थांबला होता. टीबी नाही असं दोनदा निघालंय. मशीनच्या पाण्यामुळे हे होतं का? आणि त्या पाण्यातल्या जिवाणूची तपासणी आता संगणकावर शोधतात म्हणे, ती करून घ्यावी का?

उत्तर : ताई, सुट्टी आणि खोकल्याचा जो संबंध तुम्ही टिपलात तो एखाद्या रिपोर्टइतकाच मोलाचा आहे. छातीच्या डॉक्टरांना आधी तोच सांगा. बरेचदा रुग्ण ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगतो आणि विषय तिथेच थांबतो.

मशीनवर दिवसभर उडणारं पांढरट पाणी, म्हणजेच कूलंट, हे तेल आणि पाण्याचं मिश्रण. ते टाकीतून पुन्हा पुन्हा फिरतं आणि त्याचं धुकं श्वासातून आत जातं. टाकीत जंतुनाशक टाकलं की साधे जिवाणू मरतात, पण मेणासारखी भिंत असलेले मायकोबॅक्टेरिया पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात तग धरतात. त्यातल्या एकाला २००१ मध्ये ‘मायकोबॅक्टेरियम इम्युनोजेनम’ असं नाव मिळालं. हा टीबीच्या जिवाणूच्या कुळातला आहे, पण इथे तो फुफ्फुसात वाढून संसर्ग करतो असं नाही. शरीर त्याच्या प्रथिनांवर नको इतकं चवताळतं आणि सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. मेलेला जिवाणूसुद्धा त्याला पुरतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे घरातल्या मुलांची काळजी नको.

तुम्ही सांगता ती लक्षणं या आजाराशी जुळतात, मात्र निदान डॉक्टरच करतील. एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओसह (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी चाचणी) श्वासाची तपासणी करून घ्या. कूलंटच्या कॅनवरचं नाव आणि कंपनीत मिळणारी त्याची एमएसडीएस (रसायनाच्या सुरक्षेचं माहितीपत्रक) बरोबर न्या. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ नाही. फुफ्फुसाच्या जाळीच्या आजारांच्या भारतीय नोंदवहीत (२०१७) १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्के याच आजाराचे होते. त्यात घरच्या एअर कूलरचा वाटा मोठा होता, म्हणून घरात कूलर असेल तर तेही सांगा.

संगणकातून निघते ती तपासणी नसते, तपासणीत वापरता येतील अशा, जिवाणूच्या प्रथिनांच्या तुकड्यांची (एपिटोपची) यादी असते. त्यासाठी एक दिवसही थांबू नका. स्टेरॉइडने सूज उतरते, पण धुकं तसंच आत जात राहिलं तर फुफ्फुसावर कायमचे वण पडतात. डॉक्टरांचं पत्र घेऊन विभाग बदलून मागा.

प्रश्न (चाकण, लघुउद्योजक) : माझ्याकडे बारा मशीन आहेत. डिप-स्लाइडवर (कूलंटमध्ये बुडवून जिवाणू उगवतात का ते पाहायची पट्टी) कूलंट ‘स्वच्छ’ येतं, तरी दोघांना खोकला आहे. सगळ्यांची अँटिबॉडी तपासणी करून घेऊ का?

उत्तर : विचारलंत ते बरं केलंत, पण सुरुवात तिथून करू नका. रक्तात अँटिबॉडी सापडली म्हणजे त्या माणसाच्या श्वासात तो जिवाणू गेला, इतकंच कळतं. ठणठणीत कामगारांतही ती सापडते. त्या कागदावर कुणाला कामावरून कमी केलंत तर तो सरळ अन्याय होईल.

डिप-स्लाइड दोन दिवसांत वाचली जाते. मायकोबॅक्टेरिया तितक्या वेळात उगवत नाहीत, म्हणून ती त्यांच्याबाबत गप्प राहते. नुसतं जंतुनाशक वाढवू नका, त्याने त्यांचे स्पर्धकच मरतात आणि त्यांना रान मोकळं मिळतं. टाकीबरोबर पाइपही आतून साफ व्हायला हवेत. वर तरंगणारं तेल काढा, रिफ्रॅक्टोमीटरने कूलंटमधलं तेलाचं प्रमाण पाहा, मशीन बंदिस्त करून धुकं शोषून घेणारा मिस्ट कलेक्टर लावा. सफाई करणाऱ्याला एन-९५ मास्क द्या, कारण त्या वेळी धुकं सर्वात जास्त उडतं. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये सुचवलेली मर्यादा घनमीटर हवेत ०.५ मिलिग्रॅम धुकं अशी आहे, ती धरून हवा मोजून घ्या. आणि त्या दोघांना आधी डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न (गणेशखिंड, एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्स) : प्रोजेक्टसाठी याच जिवाणूचं एक प्रथिन घेतलं. कोळस्कर–टोणगावकर पद्धत, बेपीप्रेड आणि एलिप्रो या एपिटोपचा अंदाज बांधणाऱ्या साधनांनी तीन वेगळ्या याद्या दिल्या. गाइड म्हणतात तिन्हींत सामाईक असेल ते घे. बरोबर आहे का?

उत्तर : तुझी पहिली पद्धत तुझ्याच पुणे विद्यापीठातली आहे. १९९० मध्ये कोळस्कर आणि टोणगावकर यांनी प्रयोगांत सापडलेले एपिटोप, म्हणजे प्रतिकारशक्ती ओळखते ते प्रथिनाचे तुकडे, तपासले. सिस्टीन, ल्युसीन आणि व्हॅलीन ही अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले मणी) पृष्ठभागावर असली तर ती अशा तुकड्यांत सापडण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. अचूकता त्यांनी सुमारे ७५ टक्के सांगितली. २००५ मध्ये याच विद्यापीठातून सीईपी हा त्रिमितीय रचनेवर चालणारा सर्व्हर आला. त्याच वर्षी ब्लाइथ आणि फ्लॉवर यांनी प्रत्येक अमिनो आम्लाला गुण देणाऱ्या अशा ४८४ मापपट्ट्या तपासल्या, आणि उत्तम मापपट्ट्याही नाणेफेकीच्या फारशा पुढे जात नाहीत असं दाखवलं. मला पुण्याच्या त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे, पण आज केवळ त्याच्या आकड्यावर एपिटोप जाहीर करू नये.

म्हणून ‘सामाईक घे’ मला पटत नाही. दोन साधनं एकाच गुणधर्मावर बेतलेली असतील तर तोच पुरावा दोनदा मोजला जातो. आधी प्रथिनातली पहिली वीस-तीस अमिनो आम्लं बघ. तिथे घसघशीत गुण दिसत असतील तर तो बहुधा सिग्नल पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेरची वाट दाखवणारा तुकडा आहे. त्यात ल्युसीन-व्हॅलीन खच्चून भरलेले असतात म्हणून गुण वाढतात, पण प्रथिन पेशीबाहेर पडताना तो भाग कापून टाकला जातो. प्रबंधांत हे वारंवार दिसतं आणि वाईट वाटतं. सिग्नलपी हे तो भाग ओळखणारं साधन चालवून तो आधी वगळ. मग अल्फाफोल्डने अंदाजलेल्या त्रिमितीय रचनेवर तुकडा बाहेर उघडा आहे का ते पाहा, आणि तिथला विश्वासांकही पाहा.

यापुढची पायरी भारतात सर्वात महत्त्वाची आहे. इथे जवळजवळ प्रत्येकाने बीसीजी घेतलेली असते आणि टीबीशी संपर्कही खूप असतो. तुझा तुकडा टीबीच्या जिवाणूतही जसाच्या तसा असेल, तर चाचणी निम्म्या पुण्याला पॉझिटिव्ह ठरवेल. ब्लास्ट, म्हणजे अमिनो आम्लांचा क्रम जुळवून पाहणं, टीबी, बीसीजी आणि मानवी प्रथिनं या तिन्हींवर कर. हा मार्ग चालतो याचा दाखला इथेच आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही टीबीच्या जिवाणूतली प्रथिनं बीसीजीच्या जिवाणूत नाहीत, त्यामुळे त्यांवर बेतलेली सीरम इन्स्टिट्यूटची साय-टीबी त्वचाचाचणी बीसीजीमुळे फसत नाही.

टी-पेशींसाठी नेटएमएचसी-टू-पॅन चालवशील तेव्हा आपल्याकडे जास्त आढळणारे डीआरबी१ या एचएलए जनुकाचे ०७:०१, १५:०१, १५:०२ हे प्रकार निवड. तो आकडा तुकडा टी-पेशीला दाखवणाऱ्या एचएलए रेणूवर बसेल का एवढंच सांगतो, टी-पेशी त्याला प्रतिसाद देईल का हे सांगत नाही. शेवटी पेप्टाइड बनवून तीन गटांच्या रक्तावर तपासायला हवेत : रुग्ण, त्याच शेडमधले निरोगी सहकारी आणि कूलंटशी संबंध नसलेले लोक. मधला गट वगळलास तर तू फक्त कूलंटशी आलेला संपर्क मोजशील, आजार नाही.

प्रश्न (कोथरूड) : एपिटोप कळले तर लस का करत नाहीत?

उत्तर : कारण इथे आजार प्रतिकारशक्तीच्या अतिरेकामुळेच होतो. लस देऊन ती आणखी चेतवणं रुग्णाला घातक ठरू शकतं.

प्रश्न (बारामती तालुका, साखर कारखाना कामगार) : बगॅस (उसाचं चिपाड) यार्डात असेच जिवाणू असतात का?

उत्तर : हो दादा. ओलसर बगॅस साठून आतून तापलं की त्यात थर्मोअ‍ॅक्टिनोमायसीस सॅकॅराय वाढतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण जिवाणू आहे. त्यामुळे होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात, आणि त्याचीही कणकण काम सुरू केल्यावर चार ते आठ तासांनी येते. ताज्या बगॅसपेक्षा जुनी गंजी फोडताना धोका जास्त असतो. त्या वेळी मास्क लावा आणि गंजी कोरडी फोडू नका, पाणी मारून घ्या. साठवण्याआधी प्रोपिऑनिक आम्लाची फवारणी केली तर जिवाणूची वाढ रोखता येते, हे कारखान्याच्या सुरक्षा समितीत मांडा.