चांदणीला माहेरी पाठव

मावशी, नमस्कार.

मला पंचगंगेच्या काठच्या गावात दिलंय. घरात तीन पिढ्या घोडी आहेत. आजेसासऱ्यांचा टांगा होता. आता टांगा कुणाला पाहिजे? लग्नाच्या वराती, गणपती, शिवजयंतीच्या मिरवणुका, ह्याच्यावर घर चालतं. 2019 च्या पुरात आमचा पाखऱ्या घोडा गेला. बुडून नव्हे. पाणी ओसरल्यावर भिजलेला कडबा खाल्ला, पोट दुखायला लागलं, रात्रभर लोळला आणि पहाटे संपला. कडबा कुणी टाकला हे घरात कुणी बोलत नाही.

2021 ला पाणी आलं तेव्हा मी, सासूबाई आणि दोन पोरं बोटीत बसलो. मालक आणि सासरे, आमचे आबा, चांदणी घोडीसोबत देवळाच्या जोत्यावर राहिले. तीन रात्री. दोघांचे फोन बंद. आल्यावर मालक एवढंच बोलले, "तिला सोडून कसा येणार?" 2024 ला परत पाणी दारात आलं आणि परत तेच भांडण. आता आबांना शिंगरू घ्यायचंय. माझा भाऊ कागलकडं असतो, त्याला मी गिऱ्हाईक बघायला सांगितलंय. सांगलीकडचा एकजण तयार आहे. आबा वारीला गेले की चांदणीचा सौदा करून टाकावा असं मनात आहे. मालकांना मी नंतर कसंही समजावीन. माझं चुकतंय का?

मला त्या घोडीचा राग येतो, मावशी. मग आम्हाला सोडून ते कसे राहिले?

एक सून, करवीर तालुका

*

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सगळा मजकूर ठसठशीत अक्षरात आणि शेवटचा प्रश्न तेवढा कागदाच्या कडेला, बारीक, जाता जाता लिहिल्यासारखा. खरं पत्र तेवढंच आहे. बाकीचं त्याच्यावर घातलेलं पांघरूण.

आधी सौद्याचं बोलून टाकते, म्हणजे तो विषय मिटेल. आबा वारीला गेल्यावर घोडी विकू नकोस. म्हातारा माणूस पंढरपुराहून चालत येईल, पाय न धुता आधी ठाणाकडं जाईल, आणि तिथं नुसती दावण दिसेल. त्यानंतर त्या घरात तुला चहाचा कप सुखानं पिता येणार नाही. मालकांना समजावीन म्हणतेस, पण कसं समजावणार ते तुलाही माहीत नाही. माहीत असतं तर लिहिलं असतंस. विकायचीच असेल तर चौघांत बसून विका. आणि घरखर्च कशावर चालतो ते तू स्वतःच वर लिहिलंयस, तेही एकदा परत वाच.

आता एक जुनी गोष्ट सांगते. 2005 च्या पुरात आम्ही कोल्हापुरात गंगावेशीच्या मागं भाड्यानं राहत होतो. गल्लीत एक गवळ्याचं घर, दारात सात-आठ म्हशी. पाणी अजून बरंच लांब होतं. एक दिवस दुपारी बघते तर ती बाई एकटीच सगळ्या म्हशी सोडून वरच्या अंगाला हाकत निघालेली, पदर खोचलेला, हातात एक शेवग्याची फांदी. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, पाणी कुठं आलंय? तर म्हणाली, "म्हशी हितं असल्या की आमचं हे हितनं हलत न्हाईत. म्हशी गेल्या की वैरण घेऊन मागनं येत्यात. मी म्हशी काढत न्हाई, ह्यांना काढतीया." रात्री खरोखरच तो गवळी डोक्यावर पेंढी घेऊन मागोमाग गेला. त्याला कुणी समजावलं नाही, रागावलं नाही.

हे तुझ्या घराला तसंच्या तसं लागू पडतं. तुमच्याकडं दरवेळी भांडण होतं ते "माणसं आधी की घोडी आधी" ह्याच्यावर. पाणी उंबऱ्याला लागल्यावर उत्तर एकच, माणसं आधी, आणि ते बरोबरच आहे. पण घोडी बोटीत बसत नाही. म्हणून तुझे मालक मागं राहतात. पाणी उंबऱ्याला लागायच्या कितीतरी आधी घोडी निघून गेलेली असेल, तर मागं राहायला काही कारणच उरत नाही. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर वर सोनतळीला जागा दिल्या, तरी बरीच घरं खालीच राहिली. गोठा खाली, शेत खाली, वैरण खाली, मग माणूस वर जाऊन करणार काय?

तर घोडी कधी काढायची? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तुम्हाला मी सांगायला नको. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आपल्याकडं पोराबाळांना पाढ्यासारखं पाठ असतं. 2019 ला आणि 2021 ला, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. पण हे आकडे माणसांसाठी आणि सरकारी यंत्रणेसाठी आहेत. घोडी असलेल्या घरानं आपला वेगळा आकडा ठरवावा. माझं मत 35. पस्तीसला बहुतेक रस्ते चालू असतात, टेम्पोवाला फोन उचलतो, आणि आबांना "उगीच घाई करताय" असं म्हणायला भरपूर वाव असतो. म्हणूनच तो आकडा आजच, ऊन असताना ठरवायचा आणि भिंतीवर लिहून टाकायचा. तुझ्या थोरल्या पोराला काम दे: रोज सकाळी मोबाईलवर पातळी बघून खडूनं आकडा मांडायचा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्या पोराचा शब्द शेवटचा. आजोबा नातवाशी जेवढे वाद घालतात त्याच्या दसपट सुनेशी घालतात.

पण मला त्याहून सोपा मार्ग दिसतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्यात लग्नं नसतात. म्हणजे वराती नाहीत. पंचगंगेला पूर येतो तो नेमका ह्याच दिवसांत. चांदणीला तेव्हा दारात उभं राहून फुकटची चंदी खाण्यापलीकडं काम काय? आषाढात सुना माहेरी जातात. यंदा चांदणीला तुझ्या माहेरी पाठव. भावाला गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतंस ना, त्यालाच सांग की गिऱ्हाईक राहू दे, गोठ्याचा एक कोपरा मोकळा कर. गणपतीच्या मिरवणुकीला परत आणायची. आणि नेऊन सोडायचं काम आबांनीच करायचं, वारीला निघायच्या आधी. दरवर्षी त्यांचं निम्मं ध्यान विठ्ठलाकडं आणि निम्मं आभाळाकडं असणार. ह्या वर्षी सगळं ध्यान विठ्ठलाकडं ठेवून चालू देत.

आबांच्या बाबतीत आणखी एक. तुला ते हट्टी वाटत असतील. असतीलही. पण पाखऱ्या गेल्यापासून ते घोडी सोडून हलत नाहीत, हे तुझ्याच पत्रात आहे. भिजलेला कडबा कुणी टाकला हे घरात कुणी बोलत नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनीच टाकला असेल, किंवा तुझ्या मालकांनी. त्या दिवसांत टाकणार तरी काय होते? महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, शहरात दूध-पेट्रोलची मारामार, कोरडी वैरण सोन्याच्या भावानं मिळेना. घोड्याचं शरीरच असं आहे की त्याला ओकता येत नाही. गाय-म्हैस रवंथ करते, चार पोटांतून जिरवते. घोड्याच्या पोटात बुरशी धरलेला चारा गेला, गॅस धरला, आतडं पिळवटलं, की तो बाहेर टाकायची वाटच नसते. जनावर पोटाकडं वळून वळून बघतं, पुढच्या पायानं जमीन उकरतं, घामानं निथळतं, लोळतं. रात्रीच्या वेळी, पुराच्या चिखलात, डॉक्टर पोचत नसताना, त्या घोड्याला कुणी वाचवलं असतं असं मला वाटत नाही. हे तू सांगू नकोस. सुनेच्या तोंडून ते टोचल्यासारखं लागेल. जनावरांचे डॉक्टर चांदणीला बघायला येतील तेव्हा त्यांच्याकडून आबांच्या समोर बोलून घे.

डॉक्टर यायलाच हवेत, पावसाआधी. धनुर्वाताची लस झालीय का ते विचारा. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो, आणि पुरानंतर चिखलात खिळे-पत्रे किती असतात ते तुम्ही बघितलंय. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांतून होणाऱ्या सर्रा रोगाचंही विचारून ठेवा. 1962 हा पशुसंवर्धनाचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहा. ओल्यात उभ्या घोड्याचे खूर मऊ पडतात, तळाच्या मऊ भागाला सड लागते. पाय उचलून नाक जवळ न्यायचं, कुजका वास आला की सड लागलीय समजायचं. हे मालकांना ठाऊक असेल, पण पुराच्या धावपळीत ठाऊक असलेलंच राहून जातं.

टेम्पोचं मात्र आत्तापासून करा. भर पावसात, अंधारात, चार माणसं ओरडताहेत, अशा वेळी घोडी पहिल्यांदा फळीवरून टेम्पोत चढेल ही आशा सोडा. आठवडाभर उभ्या टेम्पोत तिची चंदी ठेवा. पहिल्या दिवशी फळीला पाय लावून मागं येईल, दुसऱ्या दिवशी मान आत घालेल, चौथ्या-पाचव्या दिवशी तुमच्या आधी जाऊन उभी राहील. कागल काही लांब नाही, चालवतही नेता येईल, पण टेम्पोची सवय असलेली बरी. आणि कसलीही वेळ आली तरी अगाडी-पिछाडी बांधलेली घोडी पाण्यात सोडून कुणी हलायचं नाही. दोर आधी सोडायचा, मग पळायचं. बांधलेल्या जनावराला पोहता येत असून उपयोग नसतो.

शिंगराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. यंदा नको. एक शिकलेली घोडी एक माणूस लगाम धरून काढू शकतो. शिंगरू ना दोराला सरावलेलं ना टेम्पोला, ते भरल्या नदीला बुजलं तर दोन माणसं त्याच्या मागं जातील, आणि त्यातला एक तुझा मालक असेल. दिवाळीनंतर घ्या, हौसेनं घ्या, पुढच्या जूनपर्यंत त्याला शिकवायला सहा महिने मिळतात. आबांना नकार देण्यापेक्षा तारीख दे.

आता ते बारीक अक्षरातलं.

त्या तीन रात्री तू शाळेत की कुठं होतीस, किती माणसांत, पोरं झोपली का, हे तू मला लिहिलं नाहीस. मालकांनाही सांगितलं नसशील. त्यांच्या देवळाच्या जोत्याची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ असेल. पाणी कुठंवर आलं, घोडी कशी थरथरत होती, आबांनी रात्रभर तिची मान कशी धरली. असल्या गोष्टी आपल्याकडं चौकात सांगितल्या जातात, लोक "नाद खुळा" म्हणतात. तुझ्या तीन रात्री कुणी विचारल्या नाहीत. तुला घोडीचा राग येतो म्हणतेस. त्या मुक्या जीवानं तुला काय केलं? राग मालकांचा आहे, आणि तो यायलाच हवा होता. मी असते तर इतकी वर्षं गप्प बसलेच नसते, पण माझा स्वभाव वेगळा आणि त्याचे तोटेही मी भोगलेत.

त्यांना सांग. भांडणात नको, आबांच्या समोर नको आणि पाणी चढत असताना तर नकोच. सकाळी ते चांदणीला खरारा करत असतात तेव्हा जा. हात कामात गुंतले की आपल्याकडच्या पुरुषांचे कान उघडतात, हे मी चाळीस वर्षांच्या संसारावरून सांगते. समोर उभी राहू नकोस, घोडीच्या दुसऱ्या अंगाला उभी राहा आणि तूही एखादं फडकं हातात घे. "तिला सोडून कसा येणार" ह्याचं उत्तर मागू नकोस. नुसतं पहिल्या रात्रीपासून सांगायला लाग: धाकट्यानं काय विचारलं, सासूबाई किती वेळा उठून दाराशी गेल्या, फोन लागेना तेव्हा तू काय केलंस. ते गप्प बसतील. बसू देत. खराऱ्याचा हात थांबला की समज ऐकू गेलंय.

आणि एक, त्यांच्या बाजूनं. ते तुम्हाला बोटीत बसवूनच मागं राहिले. तुम्ही सुखरूप आहात एवढं त्यांना माहीत होतं, घोडीचं माहीत नव्हतं. त्यांच्या हिशेबात ते बरोबर होतं. त्या हिशेबात तुझ्या तीन रात्री धरलेल्याच नव्हत्या, ती चूक. माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ.

भावाला आजच फोन कर. त्याच्या गोठ्यात उसाचं वाढं असेल, ते म्हशींना. चांदणीचा चारा एकाएकी बदलायचा नाही, म्हणून तिच्यासोबत तिच्या नेहमीच्या चंदीचं पोतं, तिचा तोबरा आणि खरारा पाठव. आबा दोन दिवस तिथं मुक्काम करतो म्हणतील. नको म्हणू नकोस, वहिनीला आधीच सांगून ठेव, त्यांना चहात साखर किती लागते ते.

तुझी,
मावशी