गाडीचा ‘खट्’ आवाज आणि जॉबकार्डावरची एक ओळ

प्रश्न : मी सांगलीला राहते. नवी हॅचबॅक 9 लाख 40 हजारांना घेतली. वॉरंटी 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर. साडेचार हजार किलोमीटरलाच पुढच्या डाव्या बाजूने खट्‌खट् आवाज सुरू झाला. सहा वेळा गाडी डीलरकडे दिली. दोनदा लिंक रॉड (सस्पेन्शनच्या छोट्या जोडदांड्या) बदलले, एकदा डावा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा भाग), आणि एकदा शॉकअपचं वरचं माउंटिंग ‘झीज’ म्हणून 4,850 रुपये घेऊन बदललं. आवाज पंधरा दिवस जातो, पुन्हा येतो. आता ‘हा गाडीचा नॉर्मल आवाज आहे’ म्हणतात. वॉरंटी दोन महिन्यांत संपतेय. गाडी बदलून मागता येईल का?

उत्तर : मागता येईल, पण मिळणं अवघड आहे. तेवढीच एक मागणी केलीत तर पदरात पडण्यासारखं आहे तेही जाईल. 2006 साली मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल, तर जबाबदारी त्या भागापुरती. त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. 2010 साली फियाटच्या एका गाडीबाबत त्याच न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणीची अट घातली आणि दोष निघाला तर किंमत परत, अशी वाट मोकळी ठेवली. तुमचं प्रकरण या दोन टोकांच्या मधलं आहे. कुठे जाऊन थांबेल ते तुमच्या कागदांवर ठरेल.

म्हणून आधी ती सहा जॉबकार्डं (गाडी दिली तेव्हा डीलरने केलेले नोंदीचे कागद) काढा आणि ‘ग्राहकाची तक्रार’ हा रकाना वाचा. बहुतेक ठिकाणी तिथे ‘पुढून आवाज’ एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली ‘तपासले, ठीक’. ग्राहक आयोगापुढे अशा सहा कागदांचा अर्थ उलटा लागतो : गाडी सहा वेळा आली, सहाही वेळा ठीक होऊन गेली. गाडी ताब्यात घेताना ‘समाधानी’वर सही केली असेल तर तीही तुमच्या विरोधात दाखवतील. झालेल्या सह्या पुसता येत नाहीत, पण वॉरंटी संपण्याआधी एक भेट बाकी आहे. ती नीट करा.

त्या भेटीत जॉबकार्डावर असं लिहून घ्या : ‘इंजिन गरम असताना, ताशी 10 ते 15 किलोमीटर वेगात, डावं चाक स्पीडब्रेकरवरून उतरताना एकदा खट् असा आवाज, सपाट रस्त्यावर येत नाही.’ हे माझं उदाहरण आहे, तुमच्या गाडीत जसं होतं तसंच लिहा. गाडी उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून आवाज येतो का? ब्रेक दाबलेला ठेवून रिव्हर्समधून पहिल्या गिअरला घेताना येतो का? पूर्ण वळणावर टक्‌टक् होतं का? हे तिन्ही स्वतः करून पाहा. स्टिअरिंगवर येत असेल तर संशय शॉकअपच्या वरच्या माउंटिंगवर, गिअरवर येत असेल तर इंजिन माउंटिंगवर, वळणावर येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर जातो. डिकीतला जॅक, पाने आणि स्टेपनी काढून एकदा चालवा; निम्मा वाद तिथेच मिटल्याची प्रकरणं असतात, आणि समोरचा वकील हा प्रश्न हमखास विचारतो. डीलरचा सर्व्हिस ॲडव्हायझर ओळ लिहायला नको म्हणाला तर तीच ओळ गेटवरूनच ईमेल करा आणि त्याची प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला टाका.

टेक्निशियनला शेजारी बसवून ट्रायल घ्या. लिफ्टवर चाकं लोंबकळत असली की लिंक रॉडवर ताण बसतो, ढिला सांधा गप्प राहतो आणि दोष दिसत नाही. गाडी चाकांवर उभी असताना, भार असताना तपासा, असा आग्रह धरा. दोन्ही लिंक रॉड काढून हळू चालवून पाहणं ही सोपी कसोटी आहे : आवाज गेला तर दोष तिथे, राहिला तर तिथे नाही. हे त्यांच्याच माणसाने, त्यांच्याच आवारात करावं.

लोअर आर्मबद्दल एक मुद्दा तुमच्या वकिलाला जरूर सांगा. त्याच्या रबरी बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर असताना शेवटचे आवळायचे असतात. चाकं लोंबकळत असतानाच आवळले तर गाडी खाली उतरताच बुश पिळला जातो आणि लवकर फाटतो. बदललेला आर्म पुन्हा वाजू लागला असेल तर पार्टचा दोष नसून बसवण्याची चूक असू शकते. कायद्यात हा फरक मोठा आहे. पार्टचा दोष हा मालातला ‘दोष’, तो कंपनीवर जातो. बसवण्यातली हयगय ही सेवेतली ‘त्रुटी’, ती डीलरवर जाते. तक्रारीत दोन्ही मुद्दे पर्यायी म्हणून लिहा आणि दोघांनाही पक्षकार करा. कंपनीविरुद्ध तिची स्वतःची चूक वेगळी मांडायला विसरू नका. गोव्यातून गेलेल्या टाटा मोटर्सच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला सोडलं, कारण डीलरच्या वागण्यात कंपनीचा हात कसा, हे तक्रारीत मांडलेलंच नव्हतं.

4,850 रुपयांचा मुद्दा मला सर्वांत सोपा वाटतो. वॉरंटी पुस्तिकेतली ‘वगळलेले भाग’ ही यादी उघडा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर रबर त्यात असतात. शॉकअप माउंटिंग तिथे नावानिशी नसेल आणि बिलावर ‘झीज’ कशी झाली याची नोंद नसेल, तर ही रक्कम परत मागा. पैसे तुम्ही भरलेत, तेव्हा काढलेला जुना पार्टही मागा. वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनी परत घेते, म्हणून पुढच्या वेळी पार्टवरच्या क्रमांकाचा फोटो तिथेच काढून ठेवा.

आवाजाची रेकॉर्डिंग करा, पण व्हॉट्सॲपवरून फिरवलेली प्रत पुरावा म्हणून ठेवू नका. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

आता मुदत. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे कारण घडल्यापासून 2 वर्षांत तक्रार हवी. तुमचा पहिला आवाज त्याच्याही आधीचा आहे, आणि समोरचे पहिलं बोट तिथेच ठेवतील. तुमचं उत्तर असं : दोष वॉरंटीत निघाला, दुरुस्त्या चालू राहिल्या, आणि ‘नॉर्मल आवाज’ म्हणून हात वर केले तेव्हा खरं कारण घडलं. तरीही त्याच कलमाखाली विलंब माफीचा अर्ज सोबतच जोडा. नुसती नोटीस पाठवल्याने मुदत वाढत नाही, म्हणून नोटिशीला 15 दिवस द्या आणि पुढे लांबवू नका. नोटीस डीलरला आणि कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला, पोच मिळेल अशा टपालाने. मधल्या काळात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीचं लेखी उत्तर बरेचदा येतं.

तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात चालते, म्हणजे सांगलीलाच. डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असल्याने जिल्हा आयोग आणि 5 ते 10 लाखांच्या टप्प्यात असल्याने शुल्क 200 रुपये. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल करता येते. समोरच्यांना उत्तराला 30 दिवस आणि फार तर आणखी 15. त्यानंतर त्यांचं उत्तर घेऊ नये असा अर्ज द्या.

सोबत कलम 38 खाली तज्ज्ञ नेमण्याचा अर्जही द्या. शासकीय तंत्रनिकेतन किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यांत्रिकी विभागातला प्राध्यापक मागा, आणि तपासणी दोन्ही पक्षांसमोर, रस्त्यावर चालवून व्हावी असं अर्जातच लिहा. उभ्या गाडीच्या अहवालात खट् सापडणार नाही. तपासणीचं शुल्क आधी तुम्हाला भरावं लागतं. ते खर्चात परत मागा.

मागण्या याच क्रमाने ठेवा : दोष शोधून विनामूल्य दुरुस्ती, त्या दुरुस्तीवर निदान एक वर्षाची वेगळी वॉरंटी, 4,850 रुपये व्याजासह, सहा फेऱ्यांचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई, आणि तज्ज्ञाने उत्पादनदोष सांगितला तरच गाडी बदल किंवा किंमत परत. आयोगाने मध्यस्थी सुचवली तर नाकारू नका. अशा वादात कंपनीचा वरिष्ठ इंजिनिअर एकदा गाडीत बसला की पुष्कळदा मार्ग निघतो.

बाहेरच्या मेकॅनिककडून गाडी नुसती तपासून घ्या, पण वॉरंटीत असेपर्यंत काही उघडू देऊ नका. मात्र त्याने खालचा बॉल जॉइंट (लोअर आर्मला चाकाशी जोडणारा गोल सांधा) किंवा स्टिअरिंगच्या टाय रॉडचा सांधा ढिला आहे असं सांगितलं, तर केस बाजूला ठेवा, गाडी चालवू नका आणि टो करून डीलरकडे न्या. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक बाहेरच्या बाजूला दुमडतं. टोची पावती आणि त्या दिवसाचं जॉबकार्ड फाइलला लावा.